आकडा उघड करण्यापूर्वी

मुक्तस्रोत ऑपरेटिंग सिस्टिममध्ये नेटवर्क आणि डिस्क यांच्यावर देखरेख ठेवणारी नवी सोय घालताना काउंटर वाढवण्याच्या चार ओळी लिहिणे हे सर्वांत सोपे काम असते. त्या काउंटरचा नेमका अर्थ काय, तो मोजण्याचा भार कोणावर पडणार आणि पुढे वर्षानुवर्षे त्याच्या भरवशावर कोण निर्णय घेणार, हे ठरवणे मात्र अवघड असते. लिनक्सच्या वाटचालीत या कामात ज्या अडचणी आल्या, त्यांतील पुष्कळशा या प्रश्नांशीच निगडित आहेत. म्हणून असे काम हाती घेणाऱ्याने त्या बारकाईने अभ्यासाव्यात.

डिस्क किती व्यग्र आहे हे सांगणारा आकडा हे त्यांतील सर्वांत बोलके उदाहरण होय. लिनक्समध्ये ‘/प्रॉक/डिस्कस्टॅट्स’ या नावाची फाइल वाचली असता प्रत्येक डिस्कसाठी आकड्यांची एक ओळ मिळते, आणि डिस्कच्या नावानंतरचा दहावा आकडा डिस्कने कामात घालवलेला वेळ मिलिसेकंदांत सांगतो. ‘आयओस्टॅट’ हे साधन दाखवते ती वापराची टक्केवारी याच आकड्यावरून काढलेली असते. एका वेळी एकच मागणी पुरी करणाऱ्या फिरत्या डिस्कबाबत शंभर टक्के म्हणजे डिस्कची क्षमता संपली, असे मानता येत असे. अनेक मागण्या एकाच वेळी हाताळणाऱ्या एसएसडीबाबत किंवा रेड पद्धतीने जोडलेल्या डिस्कसंचाबाबत मात्र त्याच शंभर टक्क्यांचा अर्थ ‘निदान एक मागणी सतत हातात होती’ एवढाच उरतो, आणि यंत्राची बरीचशी क्षमता शिल्लक असूनही नवी डिस्क विकत घेण्याचा निर्णय त्या आकड्यावरून घेतला जाऊ शकतो. आयओस्टॅटच्या माहितीपत्रकातच ही सूचना दिलेली आहे. ती वाचण्याची तसदी फार थोडे जण घेतात.

या आकड्याचे पुढे जे झाले ते अधिक उद्बोधक आहे. कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, वेळ ज्या ठोक्यांनी मोजतो त्या प्रत्येक ठोक्याला ‘जिफी’ म्हणतात. पूर्वी प्रत्येक जिफीला ‘या क्षणी किती मागण्या अपुऱ्या आहेत’ हे पाहून व्यग्रतेचा हिशेब ठेवला जात असे. वेगवान डिस्कांसाठी अपुऱ्या मागण्यांची मोजणी प्रत्येक प्रोसेसरकडे स्वतंत्रपणे ठेवण्याचे ठरले, तेव्हा दर जिफीला त्या सर्वांची बेरीज करणे परवडणारे राहिले नाही. म्हणून २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५.० आवृत्तीपासून मागणी सुरू होताना किंवा संपताना जिफी बदललेली असेल तरच काउंटर एकाने वाढवायचा, अशी अंदाजाची पद्धत आली. मागणी एका जिफीच्या आत पुरी होत असेल तर हा अंदाज बरोबर येतो. परंतु जिफी ४ मिलिसेकंदांची असताना मंद डिस्कने एकच मागणी ४० मिलिसेकंद चालवली, तर फक्त पहिली आणि शेवटची जिफी धरली जाऊन ८ मिलिसेकंदच नोंदवले जातात, आणि जेरीस आलेली डिस्क जवळजवळ रिकामी असल्याचे दिसते. मंद डिस्कांसाठी हा अंदाज सुधारणारी दुरुस्ती २०२० मध्ये झाली. मूळ निर्णय चुकीचा होता असे म्हणता येणार नाही, कारण मोजमापासाठी प्रत्यक्ष काम अडवून धरणे कोणालाच मान्य झाले नसते; पण आकड्याचे स्थान तेच राहून अर्थ बदलल्यामुळे जुन्या आणि नव्या कर्नलचे आलेख एकमेकांशी ताडून पाहण्याजोगे राहिले नाहीत. अर्थ बदलावा लागलाच तर तो कोणत्या आवृत्तीपासून बदलला आणि आकडा कोठे कमी पडतो, हे कर्नलच्या दस्तऐवजात आता जसे स्पष्ट लिहिलेले आहे, तसे पहिल्याच दिवशी लिहावे.

एककाचीही हीच गोष्ट आहे. ‘/प्रॉक/डिस्कस्टॅट्स’मधील सेक्टर, म्हणजे वाचन-लेखन मोजण्याचा तुकडा, नेहमी ५१२ बाइटचा धरलेला असतो, मग डिस्कचा प्रत्यक्ष सेक्टर ४०९६ बाइटचा का असेना. हे ठाऊक नसलेल्याचा हिशेब आठपट फुगतो. नवे आकडे ओळीच्या शेवटीच जोडावेत, जसे ४.१८ आणि ५.५ या आवृत्त्यांत जोडले गेले, कारण मध्ये घुसवलेला एक आकडा जुन्या प्रोग्रामांना मुकाट्याने चुकीचे वाचायला लावतो.

नेटवर्कच्या बाबतीत काउंटरची रुंदी घात करते. ३२ बिटांच्या काउंटरमध्ये सुमारे ४.२९ अब्ज बाइट मावतात आणि त्यानंतर तो पुन्हा शून्यावर येतो. सेकंदाला एक गिगाबिट वेगाने भरून वाहणाऱ्या जोडणीवर हे दर ३४ सेकंदांनी घडते, त्यामुळे पाच मिनिटांनी एकदा वाचन घेणाऱ्याला आठ फेऱ्या होऊन गेल्याचा पत्ताही लागत नाही आणि आलेखावर वाहतूक अगदी किरकोळ दिसते. लिनक्सने २०१० मध्ये, २.६.३५ या आवृत्तीत, नेटवर्कच्या आकडेवारीसाठी ६४ बिटांची रचना आणली. तरीही ३२ बिटांच्या प्रोसेसरवर असा आकडा दोन तुकड्यांत वाचला जातो, आणि दोन वाचनांच्या मध्ये तो बदलला तर भलतीच संख्या हाती येते. ते टाळणारी कर्नलमधील तयार यंत्रणा वापरावी, स्वतःची नवी रचू नये.

देखरेखीमुळे खुद्द डिस्कलाच इजा पोहोचू शकते, ही शक्यता सहसा कोणाच्या मनात येत नाही. साटा डिस्कचे तापमान सांगणारा ‘ड्राइव्हटेम्प’ हा भाग ५.६ आवृत्तीत कर्नलमध्ये आला. तोशिबाच्या डीटी०१एसीए मालिकेतील डिस्कांना विशिष्ट आज्ञापद्धतीने वारंवार तापमान विचारले असता लेखनाचा मोठा भार चालू असताना आज्ञा वेळेत पुऱ्या होईनात, आणि काही वेळा डिस्क वीजपुरवठा बंद करून पुन्हा सुरू करेपर्यंत गोठून राहत, असे आढळले. त्यामुळे त्या मालिकेसाठी ती पद्धत टाळावी लागली. काही डिस्कांमध्ये तापमान विचारल्याने डिस्क थांबवण्याची वेळमोजणी नव्याने सुरू होते आणि वीज वाचवण्यासाठी जी थांबायला हवी ती डिस्क फिरतच राहते. प्रश्न विचारणे म्हणजे काम लावणेच, हे गृहीत धरून किती वेळाने विचारायचे हा निर्णय वापरणाऱ्याच्या हाती ठेवावा, आणि डिस्क विसावलेली असेल तर तपासणी वगळण्याची सोय डिस्कांची प्रकृती तपासत राहणाऱ्या ‘स्मार्टडी’ या प्रोग्राममध्ये आहे तशी आपल्या साधनातही द्यावी.

म्हणूनच नवा काउंटर कर्नलमध्ये कायमचा घालण्यापूर्वी तो ईबीपीएफच्या साहाय्याने, म्हणजे चालू कर्नलमध्ये तपासून घेतलेला छोटा प्रोग्राम बसवण्याच्या सोयीने, काही काळ वापरून पाहावा. ‘बायोलेटन्सी’ हे साधन प्रत्येक डिस्कमागणीला लागलेला वेळ गटागटांनी मांडते आणि सरासरीत बुडून जाणाऱ्या थोड्या पण अतिशय मंद मागण्या उघड्या पाडते. कित्येकदा तेवढ्यानेच प्रश्न सुटतो आणि कायमच्या काउंटरची गरज उरत नाही. मात्र अशी साधने कर्नलच्या अंतर्गत फलनांच्या नावांवर बेतली, तर ती फलने बदलताच साधने मोडतात. कोणता प्रोग्राम डिस्क किती वापरतो हे दाखवणाऱ्या ‘बायोटॉप’च्या वाट्याला हेच आले. त्यासाठी कर्नलमध्ये जाणीवपूर्वक ठेवलेल्या, नाव सहसा न बदलणाऱ्या निरीक्षणस्थानांचा, म्हणजे ट्रेसपॉइंटांचा, आधार घ्यावा, आणि हवे ते स्थान नसेल तर ते संबंधित विभागाच्या देखभालकर्त्यांकडे उपयोग पटवून देऊन मागावे. डिस्कमागणीचा आरंभ आणि शेवट सांगणारी ‘ब्लॉक_आयओ_स्टार्ट’ आणि ‘ब्लॉक_आयओ_डन’ ही दोन स्थाने याच गरजेतून कर्नलमध्ये आली आहेत.