सांगावा कुणाला धाडायचा?

गावात कुणी गेलं की पुढची कामं वाटून द्यावी लागत नाहीत. एक जण सरपणाच्या मागे लागतो, दुसरा फोन घेऊन ओट्यावर बसतो: लोणारला कळवलं का, सुलतानपूरच्या मावशीला कळवलं का, पुण्याची पोरगी निघाली का, माती किती वाजता. आमच्या बीबी गावात ही यादी घरातल्या थोरल्या बाईला तोंडपाठ असते. दूरचा चुलत साडूसुद्धा त्यातून सुटत नाही. पण ज्यांच्याशी मेलेलं माणूस वर्षानुवर्षं रोज बोलत होतं, ती फोनमधली माणसं या यादीत कुठेच नसतात.

माझी अशीच एक मैत्रीण रत्नागिरी जिल्ह्यातल्या तिच्या गावी वारली. मला कळलं तोवर तिचं तेरावं होऊन बरेच महिने लोटले होते.

जून २०२० मध्ये लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं, तेव्हा मी माहेरी लोणारलाच होते. काठावरून काढलेले फोटो फेसबुकवर टाकले आणि खाली एका अनोळखी बाईंनी विचारलं, “ताई, हा रंग खरा ना? की फोटोत घातलाय?” हीच ती मैत्रीण. पुढे मीच त्यांना ताई म्हणू लागले. त्या निवृत्त परिचारिका होत्या, डोळ्यांनी पाहिल्याशिवाय विश्वास न ठेवणाऱ्या. पुढे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं त्या पाण्याचे नमुने तपासले. कमी पाऊस, कडक ऊन, त्यामुळे आटलेलं पाणी आणि वाढलेला खारेपणा यांमुळे मीठप्रिय सूक्ष्मजीव माजले नि त्यांच्या रंगद्रव्यानं पाणी गुलाबी दिसलं, असा उलगडा झाला. ती बातमी मी त्यांना पाठवली. तिथून आम्ही व्हॉट्सॲपवर आलो आणि बोलतच राहिलो.

प्रत्यक्ष भेट कधीच झाली नाही. त्यांना व्हिडिओ कॉल आवडत नसे, टाइप करायचा कंटाळा. आवाजातले निरोप मात्र लांबलचक. मागे पत्र्यावर पाऊस कोसळतोय, कुकरची शिट्टी होतेय, मधेच “थांब गो, मांजरीन दूध पाडलान” म्हणून निरोप तुटतोय, पुन्हा सुरू होतोय. त्यांच्या फणसपोळीचं पार्सल यायचं, माझ्याकडून तुरीची डाळ जायची. माझ्या सासूबाई आजारी होत्या तेव्हा पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून कूस कशी बदलायची, किती वेळानं, हे त्यांनी फोनवरून शिकवलं. त्या गेल्याचं कळल्यावर मी रडले तर शेजारीण म्हणाली, “तुही कोण लागत होती व थे?” तिनं वाईट मनानं विचारलं नव्हतं. ज्याचं सुतक नाही त्याचं दुःख कसं धरायचं, हे आपल्याला कुणी शिकवलेलंच नाही.

पण हे नातं आपल्याला अगदीच नवं आहे असंही नाही. जी. ए. कुलकर्णी धारवाडला राहायचे, माणसांच्या गर्दीपासून लांब. सुनीताबाई देशपांडे आणि ते, यांची मैत्री वाढली ती मुख्यतः पत्रांतून. डिसेंबर १९८७ मध्ये जी. ए. गेले. पुढे सुनीताबाईंची पत्रं ‘प्रिय जी. ए.’ या पुस्तकात आली, जी. एं.ची त्यांना लिहिलेली पत्रंही छापून आली. गाठीभेटी थोड्या होत्या म्हणून ती मैत्री कमी खरी होती, असं ती वाचणारा कुणी म्हणणार नाही. फरक एवढाच की ती पत्रं कागदावर होती. आपली मैत्री एका फोन नंबरवर टांगलेली असते.

त्या नंबराचं काय होतं ते मी पाहिलं. आधी माझ्या निरोपांवर दोन खुणांऐवजी एकच खूण येऊ लागली. मला वाटलं, कोकणात वादळवारं आहे, रेंज नसेल. फोन लावला तर बंद. बरेच महिने गेले आणि एके दिवशी त्या नावापुढे एका तरुणाचा मोटरसायकलवरचा फोटो दिसला. वापर थांबून बंद झालेला मोबाइल नंबर कंपन्या निदान ९० दिवस राखून ठेवतात, मग तो दुसऱ्या कुणाला देता येतो. १२० दिवस वापर नसला तर व्हॉट्सॲपचं खातंही सहसा पुसलं जातं. म्हणून गेलेल्या माणसाच्या नंबरवर मनातलं काही लिहून पाठवू नका. वाचणारा तिसराच कुणी असू शकतो.

त्या मधल्या महिन्यांत आणखी एक वाईट गोष्ट घडली. आम्ही दोघी एका पाककृतींच्या ग्रुपमध्ये होतो. तिथे एका अनोळखी नंबरवरून निरोप आला: ताई दवाखान्यात आहेत, मदत करा, सोबत क्यूआर कोड. ताई तेव्हा हयातही नव्हत्या. ग्रुपातल्या काही बायकांनी पैसे पाठवले, कारण सगळ्यांचा त्यांच्यावर जीव होता, आणि नेमकं तेच ओळखून कुणी तरी हा डाव टाकला होता. असं आवाहन आलं तर घरच्या माणसाशी स्वतः बोलल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नका. पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नका, ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. जितक्या लवकर तक्रार जाईल, तितकी रक्कम खात्यात गोठवली जाण्याची शक्यता जास्त. उशीर झाला की पैसे चार खाती ओलांडून गेलेले असतात.

शेवटी त्यांच्या भाचीचा फोन आला. मावशीचा जुना फोन दुरुस्त करून उघडल्यावर तिला माझे जुने निरोप दिसले. आधी का कळवलं नाही, तर ताईंनी माझा नंबर नुसता ‘लोणार’ म्हणून ठेवला होता. भाचीला वाटलं, तिकडचं एखादं लॉज असेल. त्या पोरीचा यात काय दोष! आपणच घरात सांगून ठेवायला हवं. कुणाशी बोलतो, ती कोण, कुठली, आपलं काही झालं तर तिला कळवा. नंबर ठेवतानाच नावापुढे ‘मैत्रीण’ लिहा. एका वहीत अशा माणसांची नावं, गाव आणि कोणत्या ग्रुपला कळवायचं ते लिहा, आणि ती वही बँकेच्या पासबुकाजवळ ठेवा, कारण माणूस गेल्यावर घरचे पहिल्यांदा तिथेच हात घालतात. फोनचं कुलूप कसं उघडतं हे घरातल्या एका तरी विश्वासाच्या माणसाला ठाऊक असू द्या.

नॉर्वेच्या मॅट्स स्टीनची गोष्ट मला यासाठीच फार मोलाची वाटते. स्नायू झिजवणाऱ्या आजारानं जखडलेला हा मुलगा ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या खेळात रमलेला असे. पोराला मित्रच नाहीत, असं समजून आईबाप झुरत होते. २०१४ मध्ये पंचविसाव्या वर्षी तो गेला. त्यानं मागे ठेवलेल्या पासवर्डनं वडिलांनी त्याच्या ऑनलाइन पानावर मृत्यूची बातमी लिहिली, तेव्हा युरोपभरातून ईमेलचा ओघ सुरू झाला. खेळातले काही सोबती ओस्लोला अंत्यविधीला आले. त्याच्या आयुष्यावर २०२४ मध्ये माहितीपटही आला. तो पासवर्ड नसता तर आपल्या लेकावर इतक्या जणांनी माया केली हे त्या आईबापांना कळलंही नसतं, आणि सोबत्यांना तो कुठे नाहीसा झाला ते समजलं नसतं.

फोनमध्येही सोय आहे, वापरत मात्र कुणी नाही. गुगल खात्यात ‘इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ आहे. तुम्ही ठरवाल तितके महिने खातं निपचित राहिलं, तर तुम्ही नेमलेल्या माणसांना कळवलं जातं आणि परवानगी दिली असेल तेवढी माहिती त्यांना मिळते. फेसबुकवर ‘लेगसी कॉन्टॅक्ट’ नेमता येतो. खातं स्मरणार्थ झालं की तो माणूस वर एक निवेदन लावू शकतो, फोटो बदलू शकतो, पण खासगी निरोप वाचू शकत नाही. खातं स्मरणार्थ करण्यासाठी मृत्यूचा पुरावा लागतो. एकदा ते झालं की दर वर्षी त्या व्यक्तीच्या ‘वाढदिवसाच्या शुभेच्छा द्या’ अशी आठवण येणं थांबतं. ही आठवण केवढी टोचते, ते ज्याला येते त्यालाच माहीत.

मित्र अचानक गप्प झाला तर ग्रुपवर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ टाकायची घाई करू नका. बातमी सांगण्याचा पहिला हक्क घरच्यांचा. आधी एका जवळच्या माणसाला विचारा, खात्री करा, घरच्यांना चालेल का ते पाहा, मगच लिहा. दोघांमधलं खासगी बोलणं तर त्यांना विचारल्याशिवाय मुळीच बाहेर आणू नये. दुखणं, पैसा, सुनेबद्दलची कुरकूर, हे त्यांनी तुम्हाला विश्वासानं सांगितलेलं असतं. आणि जमलं तर एकदा घरच्यांना फोन करा. मी केला. त्यांच्या भावाला ठाऊकच नव्हतं की बहिणीनं शिकवलेल्या रीतीनं विदर्भातल्या एका म्हातारीची पाठ शेवटपर्यंत जखमेवाचून राहिली. ते ऐकून ते बराच वेळ बोलत होते, बहिणीच्या नोकरीतल्या कितीतरी गोष्टी त्यांनी मला सांगितल्या.

त्यांच्या घरी ताईंचा आवाज कुणीच साठवून ठेवला नव्हता. समोर असलेल्या माणसाचा आवाज कोण साठवतो? माझ्याकडे मात्र भरपूर होता. भाचीनं मागितल्यावर ज्यात नुसतं मांजर, पाऊस आणि स्वयंपाक होता, ते निरोप मी निवडून दिले, भावजयीबद्दलचे वगळले. व्हॉट्सॲपमध्ये ‘एक्सपोर्ट चॅट’ करताना ‘मीडियासह’ निवडलं तर आवाजाच्या फायलीही येतात, मात्र जुनी चॅट मोठी असेल तर सगळ्या येतीलच असं नाही. म्हणून महत्त्वाचे निरोप एकेक करून संगणकावर किंवा पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या, त्यांना तारीख नि विषय असं नाव द्या, एक प्रत त्यांच्या घरी पाठवा. आपोआप नाहीसे होणारे निरोप सुरू असतील तर ती सोय आजच बंद करा. आणि हे काम मैत्रीण हयात असतानाच सुरू करा, तिला सांगून.