आधी पोट बघ, मग हात

पोरी, तू नांदेडला दार लावून एकटीच भिंती धुतेस, जावांना कळू नये म्हणून, असं तुझ्या आईकडून कळलं. दार उघड, माय. दुपारच्या झोपेतून उठून चड्डीत हात घालणारं, शी भिंतीला आणि पांघरुणाला फासणारं लेकरू तुझ्या एकटीच्या घरात नाही. अंगणवाडीत माझा जन्म गेला. बोलायला उशीर झालेल्या, स्वमग्न लेकरांच्या किती आया हे सांगताना पदरात तोंड लपवायच्या. दोन-अडीच वर्षांची बाकीची लेकरंही एखाद्या वेळी करून बघतात, मग सोडून देतात.

आधी पोट बघ. शीचा खडा आत अडकला की त्याच्या बाजूनं पातळ झिरपत राहतं. आईला वाटतं जुलाब लागले, आणि लेकराला असतं बद्धकोष्ठ. टोचतं म्हणून ते बोटानं काढायला जातं. असं असेल तर डॉक्टरांकडून औषध घे. कुणी सांगितलं म्हणून एरंडेल पाजू नकोस. भाकरी वरणात कुस्करून दे, पेरू दे, भिजवलेल्या मनुका दे, पाणी सारखं पाज. पेल्यावर पेले दूध आणि मैद्याची बिस्किटं कमी कर, त्यानं पोट आणखी धरतं.

रात्री बूड खाजवतं का तेही बघ. सुतासारखे पांढरे जंत रात्रीच बाहेर येतात. फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये जंताची गोळी मिळते ती चुकवू नकोस. पण या जंतांना पंधरा दिवसांनी दुसरा डोस लागतो आणि औषध घरातल्या सगळ्यांनाच घ्यावं लागतं, म्हणून डॉक्टरांना स्पष्ट विचार.

पोट ठीक असूनही फासत असेल, तर त्याच्या हाताला काहीतरी हवंय. मऊ, कोमट, चिकट, उग्र वासाचं. ते हवं असणं हा काही वाईटपणा नाही. तेच दुसऱ्या वस्तूतून दे, आणि आधी दे. झोपेतून उठायच्या वेळी तू शेजारी बसलेली पाहिजेस, हातात कोमट पाण्यात मळलेल्या कणकेचा गोळा घेऊन. पोळ्याला बैल करतो तशी काळी माती भिजवून दे. आपल्याकडची माती बोटांना धरून राहते, लेकराला तेच आवडतं. तोंडात घालत असेल तर माती नको, कणीकच बरी. वासासाठी ओव्याची घट्ट शिवलेली पुरचुंडी दे. कापूर मात्र कधीच देऊ नकोस, पोटात गेला तर झटके येतात.

जेवण झालं की थोड्या वेळात आतडं हलतं. तेव्हा पाच मिनिटं शीला बसव, जास्त नाही. खुर्चीच्या संडासावर पाय लोंबकळत असतील तर खाली पाट ठेव. बैठ्या भांड्याच्या भोकाला भीत असेल तर पॉट आण आणि तो संडासातच ठेव, म्हणजे जागा ओळखीची होते.

झोपताना सदरा-चड्डी एकसंध शिवून घाल, चेन पाठीवर. इथं लातूरच्या गंजगोलाईत मऊ सुती कापड मिळतं, माप कळवलंस तर मी शिवून पाठवीन. पण ते कपडे फक्त झोपेपुरते. जागेपणी त्याला स्वतःची चड्डी काढता आलीच पाहिजे, नाहीतर संडासाची सवय कशी लागायची?

आणि फासलेलं दिसलं की ओरडू नकोस, हसूही नकोस. तुझा चढलेला आवाज हाही काही लेकरांना खेळच वाटतो. "चल, पुसू या" एवढंच म्हण. हात-पाय साध्या पाण्यानं धू. त्या वेळी फेसाची, खेळण्यांची अंघोळ नको, नाहीतर फासलं की मजा मिळते असं डोक्यात बसतं. मजेची अंघोळ संध्याकाळी घाल.

2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हापासून आम्हा लातूरकरांना बादली जपायची सवय लागली, म्हणून सांगते: आधी कोरड्या कागदानं खरवडून काढ, मग ओल्या फडक्यानं पूस, साबण शेवटी. कपडे आधी गार पाण्यात टाक, गरम पाण्यानं डाग बसतो. ब्लीचिंग पावडर आणि संडासाचं ॲसिड एकत्र करू नकोस, विषारी वायू होतो. त्याची नखं बारीक ठेव.

शी तोंडात घालत असेल, शीत रक्त दिसलं किंवा येत असलेले शब्द गेले, तर थांबायचं नाही. विष्णुपुरीच्या सरकारी दवाखान्यात बालरोग विभागात जा. अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीचं पथक येतं, 2013 पासूनची ती योजना आहे; त्यांना लाज न धरता सांग आणि पुढच्या केंद्राची चिठ्ठी माग. लातुरात स्वमग्न मुलांसाठी उमंग केंद्र आहे, इथं आलीस तर मी सोबत येते. जाताना कॅलेंडर ने. शी कधी झाली, कडक की पातळ, फासली कधी, त्याआधी काय खाल्लं, एवढं रोज त्या तारखेच्या चौकटीत लिहून ठेव. डॉक्टर तेच विचारतात, आणि रडून थकलेल्या आईला नेमकं तेच आठवत नाही.

सासूबाईंनी दृष्ट काढली तर काढू दे. अंगारा चाटवायला किंवा चटका द्यायला कुणी आलं, तर लेकराला उचलून बाहेर नीघ आणि मला फोन लाव. मी बोलते त्यांच्याशी.