एका तुघलकाची स्थित्यंतरे

मद्रास शहराच्या दक्षिण भागातील मैलापूर म्हटले की कपालीश्वराचे देवालय, त्याचे तळे आणि भोवतालच्या चार माड वीथी डोळ्यांसमोर येतात. परंतु नाट्याच्या अभ्यासकाला या वस्तीची ओळख दुसऱ्याच एका संस्थेमुळे होते. ती संस्था म्हणजे ‘सभा’. सभासदांनी वार्षिक वर्गणी भरावी आणि त्या बळावर सभेने वर्षभर संगीताचे, नृत्याचे व नाटकांचे कार्यक्रम घडवून आणावेत, अशी ही साधी व्यवस्था होय. रसिक रंजनी सभा व मैलापूर फाइन आर्ट्स क्लब ही त्यांपैकी दोन परिचित नावे. नाटक करणारी मंडळी बहुधा हौशी असत. दिवसा बँकेत, न्यायालयात किंवा सरकारी कचेरीत काम करावे आणि सायंकाळी तोंडाला रंग लावावा, असा त्यांचा क्रम होता. पुढे चित्रपट-दिग्दर्शक म्हणून गाजलेले के. बालचंदर हेही आरंभी महालेखापालांच्या कार्यालयात नोकरी करीत नाटके लिहीत होते.

अशा नाट्यगृहात प्रेक्षक व नट एकमेकांना ओळखतात. मंचावरील वकील हा खरोखरच शेजारच्या गल्लीतील वकील असतो. त्यामुळे अर्धे वाक्यही पुरते. उरलेले अर्धे प्रेक्षक आपल्या मनात पुरे करतो. प्रश्न उभा राहतो तो ही गोष्ट वस्तीबाहेर नेताना. पडद्यावर, छापील पानावर वा ध्वनिफितीवर हा अर्ध्या वाक्याचा परिचय कोठून आणावयाचा?

या प्रश्नाचा अभ्यास करण्यास ‘मुहम्मद बिन तुघलक’ या नाटकाइतके सोयीचे उदाहरण क्वचितच सापडेल. मैलापूरच्या विवेकानंद महाविद्यालयात शिकलेले चो रामस्वामी हे त्याचे लेखक व प्रमुख नट. पेशाने ते वकील होते आणि विवेका फाइन आर्ट्स ही त्यांची नाट्यसंस्था होती. नाटक १९६८ साली रंगमंचावर आले. सहाशे वर्षांपूर्वीचा सुलतान तुघलक आणि प्रवासी इब्न बतूता हे एका थडग्यातून जिवंत बाहेर येतात, तुघलक निवडणूक लढवतो व भारताचा पंतप्रधान होतो, अशी त्याची कल्पना आहे. भाषेचा तंटा मिटविण्यासाठी तो फारसीला राष्ट्रभाषा ठरवतो आणि पक्ष सोडून येणाऱ्यांना उपपंतप्रधानपद वाटतो. १९६५ च्या हिंदीविरोधी आंदोलनातून आणि १९६७ च्या सत्तांतरातून नुकत्याच गेलेल्या प्रेक्षकाला यावर भाष्य करून सांगण्याची गरज नव्हती. (दौलताबादचा किल्ला पाहिलेल्या मराठी वाचकालाही हा सुलतान परका नाही. गिरीश कर्नाडांचा त्याच नावाचा नायक विजय तेंडुलकरांच्या अनुवादातून आपल्याकडे आलाच आहे. पण तो शोकात्म आहे आणि चो यांचा चावट.)

नेपथ्य बेताचे, हालचाल थोडी, भर सारा संवादावर, अशीच सभेतील नाटकांची धाटणी असे. समीक्षकांनी तिला विनोदांची माळ म्हणून हिणवले आहे. हा आक्षेप अगदीच चुकीचा नाही. तथापि या माळेचा एक गुण दुर्लक्षिता येत नाही. तिचा कोणताही मणी काढून त्या दिवसाच्या बातमीचा नवा मणी ओवता येतो. वसंत सबनीस यांचे ‘विच्छा माझी पुरी करा’ ज्यांनी पाहिले त्यांना हे वेगळे सांगावयास नको.

१९७१ साली चो यांनी स्वतःच दिग्दर्शन करून या नाटकाचा चित्रपट केला. संगीत एम. एस. विश्वनाथन यांचे होते आणि मनोरमा व सुकुमारी यांच्यासारख्या नामवंत अभिनेत्री त्यात होत्या. चित्रपटाने ही गोष्ट सभेचे सभासद नसलेल्या, मैलापूर कधी न पाहिलेल्या माणसांपर्यंत पोहोचविली. पण चित्रफितीवर वाक्य एकदा मुद्रित झाले की ते बदलत नाही. नाटक दररोज ताजे होऊ शकते, तर चित्रपट जन्मदिवसाच्या राजकारणाला बांधलेला राहतो. माध्यमांतर करू इच्छिणाऱ्याने हा तोटा आधीच हिशेबात धरला पाहिजे.

चो यांनी तो निराळ्या मार्गाने भरून काढला होता. चित्रपटापूर्वीच, १४ जानेवारी १९७० रोजी, पोंगलच्या मुहूर्तावर त्यांनी ‘तुघलक’ या नावाचे नियतकालिक सुरू केले. पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर आपसांत बोलणारी दोन गाढवे होती. म्हणजे आरंभ पुन्हा संवादानेच झाला. येथे कथानक गळून पडले आहे. थडगे नाही, निवडणूक नाही, इब्न बतूता नाही. उरला आहे तो त्या पात्राचा आवाज, म्हणजे वेडगळपणाचे सोंग घेऊन शहाण्यांची परीक्षा घेणारा. वाचकांनी प्रश्न पाठवावेत व संपादकाने चिमटे काढीत उत्तरे द्यावीत, हे सदर म्हणजे नट आणि प्रेक्षक यांच्यातील जुना व्यवहारच होय. आणीबाणी पुकारली गेल्यानंतर या पत्राने काळे मुखपृष्ठ छापले. रंगमंचावर दिवे मालवून जे साधते तेच कागदावर शाईने साधले. माझ्या मते या सर्व स्थित्यंतरांतील सर्वांत कुशल माध्यमांतर हेच आहे, कारण त्यात एकही शब्द नाही.

पुढे दरवर्षी जानेवारीत वाचकांचा मेळावा भरू लागला. सभागृह भरलेले, चो मंचावर, आणि प्रश्न विचारणारे वाचक समोर. २०१६ च्या डिसेंबरात चो निवर्तले, तोवर कितीतरी वर्षे हा परिपाठ चालला. नाटकातून निघालेला आवाज पुन्हा मंचावर परतला होता, मात्र आता त्याला संहितेची गरज नव्हती.

सर्वच गोष्टी आवाजावर चालत नाहीत. कोमल स्वामिनाथन यांचे ‘तण्णीर तण्णीर’ हे नाटक अत्तिपट्टी नावाच्या तहानलेल्या खेड्याचे आहे. सभेच्या मंचावर तो दुष्काळ शब्दांनीच उभा करावा लागे. १९८१ साली बालचंदर यांनी त्यावर चित्रपट केला, तेव्हा ती रखरखीत भूमी स्वतःच पात्र होऊन आली. चित्रपटाला सर्वोत्कृष्ट तमिळ चित्रपटाचा आणि बालचंदर यांना पटकथेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. येथे गोष्ट पडद्यावर नेण्याला कारण होते. केवळ यशस्वी नाटक हाती आहे म्हणून कॅमेरा लावणे हे कारण नव्हे, आणि तशी उदाहरणे मद्रासप्रमाणेच मुंबईतही विपुल आहेत.

आणखी एका गोष्टीकडे अभ्यासकाने पाहावे. प्रत्येक माध्यमाच्या दाराशी निराळा पहारेकरी असतो. मद्रासमध्ये १९५४ च्या नाट्यप्रयोग कायद्याखाली नाटकाची संहिता पोलिसांना दाखवावी लागे. चित्रपट केंद्रीय परीक्षण मंडळाकडे जाई. नियतकालिकाला मात्र आणीबाणीचा काळ सोडल्यास आगाऊ परवानगी लागत नसे. जे वाक्य एका दारातून आत जाऊ शकत नाही ते कधीकधी दुसऱ्यातून जाते. १९५४ च्या त्या कायद्यातील मुख्य तरतुदी मद्रास उच्च न्यायालयाने २०१३ साली रद्द ठरविल्या, आणि तेही एका नाट्यकर्मीच्या अर्जावरून.