नाशिकची पांढरी वाईन आणि आपला ऊस



नाशिकला जाऊन वाईन चाखून आलो, असे नुसते सांगितले तर पारावर काय बोलणे होईल हे आम्ही जाणून आहोत. म्हणून आधीच सांगतो. जाणारे आम्ही पाच जण होतो, खर्च ज्याचा त्याने केला, आणि पाचांतले एक माळकरी असल्याने त्यांनी थेंबही तोंडात घेतला नाही. त्यांनी फक्त वास घेतला. आणि सर्वांत पक्की परीक्षा त्यांचीच निघाली, ते पुढे येईलच.

जाण्याचे कारण साधे होते. आपण साखर पिकवतो, द्राक्षवालेही एका अर्थी साखरच पिकवतात. उसाचा रस असो की द्राक्षाचा, गोडी मोजायचे माप एकच, ते म्हणजे ब्रिक्स. आसवनीत मळीवर जे यीस्ट काम करते, त्याच जातकुळीचे यीस्ट द्राक्षाच्या रसावर काम करते. असे असून आपला हिशेब टनावर चालतो आणि त्यांचा चवीवर. हा फरक नेमका कुठे पडतो, ते पाहायचे होते.

नाशिक शहराच्या पश्चिमेला गंगापूर धरणाच्या अंगाला सुला वाईनयार्ड्स आहे. देशातली ही सर्वांत मोठी वाईन कंपनी. राजीव सामंत हे अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकून, तिकडे नोकरी करून परत आले आणि घरच्या जमिनीवर त्यांनी १९९७ च्या सुमारास सोव्हिन्यों ब्लां आणि शेनां ब्लां या दोन फ्रेंच जातींची लागण केली. कॅलिफोर्नियाचे केरी डॅमस्की हे वाईन बनविणारे तज्ज्ञ त्यांनी सोबतीला घेतले. आई सुलभाबाई, त्यावरून नाव सुला. पहिली वाईन २००० साली बाजारात आली. २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले, विंचूरला वाईन पार्क झाले, आणि जिल्ह्यात वायनऱ्या वाढल्या. डिसेंबर २०२२ पासून सुलाचे शेअर बाजारात आहेत. म्हणजे भागधारक त्यांचेही आहेत, पण तिथे एक माणूस एक मत नव्हे. जितके शेअर तितकी मते.

पाहुण्यांना वाईन चाखवण्यासाठी टेस्टिंग रूम आहे. ती २००५ मध्ये सुरू झाली. एका ग्लासात दोन घोट, असे ओळीने पाच-सहा प्रकार देतात. आमच्यातल्या एकाने पहिला ग्लास चहाच्या पेल्यासारखा मुठीत धरला, तेव्हा देणारी मुलगी हसून म्हणाली, "काका, दांडीला धरा. हाताच्या उबेने गरम होते." पांढरी वाईन थंडच प्यायची असते. आधी रंग पाहायचा, मग ग्लास गोल फिरवून वास घ्यायचा, मग एक घोट तोंडभर फिरवायचा. गिळलीच पाहिजे असे नाही. थुंकायला भांडे ठेवलेले असते, आणि धंद्यातले परीक्षक सगळेच थुंकतात. दिवसाला पन्नास नमुने तपासणारा माणूस गिळू लागला तर दुपारीच आडवा होईल.

पहिली सोव्हिन्यों ब्लां. आम्हाला नुसतीच आंबट लागली. आमचे माळकरी सभासद ग्लास नाकाशी धरून थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "ढोबळी मिरची चिरल्यागत वास येतोय. आणि ताजं गवत." ती मुलगी चकितच झाली. कारण या जातीची ओळखच ती आहे. द्राक्षात एक द्रव्य असते, तेच ढोबळी मिरचीतही असते, म्हणून वास जुळतो. फळ जास्त पिकू दिले तर हा वास कमी होऊन पेरू, कृष्णफळ अशा फळांकडे जातो. म्हणजे तोडणी आठवडाभर अलीकडे-पलीकडे झाली की वाईन बदलली. तोडणीची तारीख वासात निघते, हे आमच्या डोक्यात तिथे पक्के बसले.

दुसरी शेनां ब्लां. ही आमच्या मंडळींना आवडली, आणि आवडण्याचे कारण उघड आहे: ती थोडी गोड असते. अननसाचा वास. रसातली सगळी साखर यीस्टने खाल्ली की वाईन कोरडी होते, ज्याला ते ड्राय म्हणतात. साखर संपण्याआधी टाकी एकदम थंड केली की यीस्ट निजते आणि थोडी गोडी शिल्लक राहते. हिशेब असा की एक लिटर रसात साधारण १७ ग्रॅम साखर असेल तर तिचे एक टक्का अल्कोहोल होते. पांढऱ्या वाईनसाठी द्राक्ष २० ते २३ ब्रिक्सला तोडतात, म्हणून वाईन बारा-तेरा टक्क्यांपर्यंत जाते. आपला चांगला पिकलेला ऊसही २१-२२ ब्रिक्स दाखवतो. म्हणजे गोडीत आपण कुठेच कमी नाही.

मग फरक कशात? आंबटपणात. आपल्या कारखान्यात रसाचा आंबटपणा ही डोकेदुखी असते, चुना घालून आपण तो मारतो. वाईनवाले तोच जीव लावून जपतात. आंबटपणा गेला की पांढरी वाईन काकवीच्या पाण्यासारखी बेचव लागते. उन्हाळा वाढला, रात्री तापल्या की द्राक्षातले आम्ल झपाट्याने उतरते. म्हणून युरोपात जी तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते, ती नाशिकला थंडीत, साधारण जानेवारी ते मार्चमध्ये करतात. पावसाळ्यानंतर छाटणी घेऊन वेल त्या बेताने फुटवतात. तोडणी पहाटे, उन्हाच्या आत. माल लहान क्रेटमध्ये, त्याच दिवशी दाबाखाली. रस सालीपासून लगेच वेगळा करून थंड टाकीत बारा ते सोळा अंशांवर सावकाश आंबवतात. आपल्याकडे तोडलेला ऊस दोन-तीन दिवस फडात किंवा गव्हाणीच्या रांगेत वाळत पडतो, त्याची आठवण आम्हा पाचही जणांना एकाच वेळी झाली, पण कोणी बोलले नाही.

रीझलिंग आणि व्हिओन्ये या पुढच्या दोन. रीझलिंगला हिरव्या सफरचंदाची छटा, व्हिओन्येला जर्दाळू आणि फुलांचा सुवास. यावर जास्त लिहिण्याइतके आम्ही तयार झालो नाही. शेवटी लेट हार्वेस्ट शेनां ब्लां चाखली. तीच जात, पण घड वेलीवरच मुद्दाम सुकू दिलेले. पाणी उडते, साखर दाट होते, आणि वाईन मधासारखी. एकाच जातीच्या द्राक्षाची नुसती तोडणी बदलून दोन वेगळ्या वस्तू, दोन वेगळे भाव!

फेसाळ वाईन त्यांनी खरे तर सर्वांत आधी दिली होती, पण ती समजायला अवघड म्हणून इथे शेवटी घेतली आहे. लोक तिला सरसकट शॅम्पेन म्हणतात, ते चूक. शॅम्पेन हे फ्रान्समधल्या एका प्रदेशाचे नाव आहे आणि त्या प्रदेशाबाहेरच्या वाईनवर ते छापता येत नाही. इथे बाटलीवर सुला ब्रूट असे असते. पद्धत मात्र तीच.

ती पद्धत अशी. द्राक्ष लवकर, १७ ते १९ ब्रिक्सलाच तोडतात. आपल्या शेतकी अधिकाऱ्याने असा ऊस कच्चा म्हणून परत पाठवला असता! पण इथे आंबटपणा भरपूर हवा असतो. त्याची साधी कोरडी वाईन आधी करतात. मग ती बाटल्यांत भरताना लिटरला सुमारे २४ ग्रॅम साखर आणि थोडे यीस्ट घालून बूच पक्के करतात. बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवण होते. होणारा वायू बाहेर जाऊ शकत नाही, तो वाईनमध्येच विरघळतो. दाब पाच-सहा वातावरणांइतका होतो, म्हणजे जवळपास मालट्रकच्या टायरइतका. म्हणून बाटलीची काच जाड आणि बुचाला तारेची जाळी.

यीस्ट मरून तळाशी गाळ बसतो. त्या गाळावर बाटल्या महिनोन्महिने आडव्या ठेवतात. त्यातूनच ताज्या पावाच्या भट्टीसारखा वास येतो. मग बाटली थोडी थोडी फिरवत, तिरकी करत उलटी करतात, गाळ तोंडाशी येतो, तोंड गोठवून बूच काढले की दाबाने गाळाचा बर्फ उडून जातो. उरलेली जागा किंचित साखर घातलेल्या वाईनने भरतात. गाळ तोंडाशी आणायची ही युक्ती एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये क्लिको नावाच्या विधवा बाईंच्या कारखान्यात बसवली गेली. नवऱ्याच्या मागे धंदा सांभाळणारी बाई ती. आमच्या भगिनी सभासदांना हे कळावे म्हणून मुद्दाम लिहिले.

आता साखरेचा हिशेब पाहा. लिटरला २४ ग्रॅम म्हणजे पाऊण लिटरच्या बाटलीला १८ ग्रॅम, चहाचे चार चमचे. आपल्या देशात साखर म्हणजे उसाचीच. अकरा टक्के उताऱ्याने एका टन उसाची ११० किलो साखर धरली, तर एका टनात सहा हजारांवर बाटल्यांचा फेस निघतो. परतीच्या गाडीत हा हिशेब आम्ही तीनदा केला. फेस आपल्या मालाचा आणि भाव कुणाचा, असे एकजण चिडून म्हणाले. पण भाव फेसाचा नसतोच. तो थंड टाकीचा असतो, महिनोन्महिने अडकून पडलेल्या भांडवलाचा असतो, आणि नेमक्या दिवशी केलेल्या तोडणीचा असतो.

सहकाराने हे करून पाहिलेले नाही असे कोणी समजू नये. सुलाच्या कितीतरी आधी, १९८० च्या दशकात, पिंपळगाव बसवंतला फ्रेंच तज्ज्ञांच्या मदतीने 'पिंपेन' हा फेसाळ वाईनचा सहकारी प्रकल्प उभा राहिला होता. तो टिकला नाही. वस्तू बनवणे एक आणि ती विकणे दुसरे. साखर घेणारा व्यापारी टेंडर भरतो. वाईन बाटली-बाटलीने लोकांना समजावून विकावी लागते. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या किराणा दुकानांत वाईन विकू देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा अण्णा हजारे यांच्यासह अनेकांनी विरोध केला. ज्या मालाच्या विक्रीवरच समाजात दोन तट आहेत, त्यात सभासदांचे भांडवल गुंतवताना दहादा विचार हवा.

शेतकऱ्याची बाजूही एकेरी नाही. वायनरी बागाईतदाराशी करार करते, वेलीवर घड मोजून ठेवायला लावते, तोडणीचा दिवस तीच ठरवते. भाव जात आणि प्रत पाहून. चांगले आहे, पण २००८ नंतरच्या मंदीत मागणी बसली तेव्हा अनेकांना वाईनच्या बागा उपटाव्या लागल्या. हे द्राक्ष खायच्या बाजारात चालत नाही. मणी लहान, साल जाड, आत बिया. आपला ऊस एका कारखान्याने नाही नेला तर दुसरा नेतो, नाहीतर गुऱ्हाळ आहे. म्हणून, आपल्या भारी काळ्या रानात ऊस मोडून वाईनची द्राक्षे लावा असे आम्ही कोणालाही सांगणार नाही.

पण एक गोष्ट मनातून जात नाही. तिथे ज्याने नेमक्या वेळी माल दिला त्याला तो ओळखून पैसे मिळतात. आपली एफ.आर.पी. उताऱ्याशी बांधलेली आहे खरी, पण उतारा साऱ्या कारखान्याचा सरासरी. ज्याने को ८६०३२ पूर्ण पिकवून, पाचट काढून ताजा आणला तो, आणि ज्याने कोवळी पांगशी, माती आणि पाल्यासकट मोळ्या टाकल्या तो, दोघांचे बिल एकाच दराने. मग वजन देणाऱ्या २६५ कडे सभासद वळला तर त्याला दोष कोणत्या तोंडाने द्यायचा? प्रत्येक ट्रॉलीचा रस वेगळा तपासणे खर्चिक आहे, मान्य. पण वार्षिक सभेत हा विषय घ्यावा असे आमचे पाचही जणांचे मत आहे.

तोवर एक गोष्ट ज्याची त्याला करता येईल. गट कार्यालयात हातातले रिफ्रॅक्टोमीटर आहेत. फडाच्या मधली चार-पाच उसांची निवड करावी, बांधाकडची नको. प्रत्येकाच्या बुडख्याकडच्या आणि शेंड्याकडच्या कांडीचा रस वेगवेगळा काचेवर घेऊन उजेडाकडे धरून आकडा वाचावा, मधे काच पाण्याने धुऊन पुसावी. शेंड्याचा आकडा बुडख्याच्या जवळ आला की ऊस पक्व. शेंडा बराच मागे असेल तर थांबावे. शेंडा पुढे गेला असेल तर उशीर झाला. दर दहा दिवसांनी आकडे वहीत लिहून ठेवावेत.

आमच्या माळकरी सभासदांनी गावी येताच आपल्या खोडव्याचे माप घेतले. बुडख्याला २१, शेंड्याला १७. अजून तीन आठवडे थांबणार म्हणतात, टोळी थांबली तर.