फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस आणि नीरेचा कालवा

‘फ्रँकेन्स्टाइन’ हे नाव तुम्ही कधी ना कधी ऐकलेच असेल. ते ऐकताच डोळ्यांपुढे काय उभे राहते? चौकोनी कपाळाचा, मानेत खिळे ठोकलेला, अडखळत चालणारा एक धिप्पाड राक्षस. हे चित्र १९३१ सालच्या एका अमेरिकी चित्रपटाने जगभर पोहोचविले. मूळ कादंबरीत मात्र फ्रँकेन्स्टाइन हे राक्षसाचे नाव नाही. राक्षस तयार करणाऱ्या तरुणाचे ते आडनाव आहे. राक्षसाला नावच नाही, कारण त्याच्या निर्मात्याने ते ठेवलेच नाही. एवढी गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे तिचे काम पडणार आहे.

ही कादंबरी लिहिणारी मेरी शेली १८१६ साली अवघी अठरा वर्षांची होती. आदल्या वर्षी इंडोनेशियातील तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला होता. त्याच्या धुळीने व वायूंनी ऊन अडले आणि युरोपात त्या वर्षी उन्हाळा म्हणून आलाच नाही. जिनिव्हाच्या सरोवराकाठी पावसामुळे घरात अडकून पडलेल्या मित्रमंडळींनी भुताखेतांच्या गोष्टी रचावयाचे ठरविले आणि त्यांतून ही कथा निघाली. पण तिच्यात भूत नाही, मंत्रतंत्र नाही. आहे ते त्या काळचे विज्ञान. इटलीतील गॅल्व्हानीने मेलेल्या बेडकाचे पाय विजेने झटका घेतात, हे दाखवून दिले होते. त्याचा भाचा अल्डिनी याने १८०३ साली लंडनमध्ये फाशी गेलेल्या माणसाच्या प्रेतावर हाच प्रयोग केला, तेव्हा प्रेताचा जबडा थरथरला आणि एक डोळा उघडला! मग जीव म्हणजे वीजच की काय, असा प्रश्न त्या काळच्या शहाण्यासुरत्या माणसांनाही पडला होता.

कथा थोडक्यात अशी. व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन नावाचा हुशार विद्यार्थी सुमारे दोन वर्षे खपून, प्रेतांचे अवयव जमवून एक देह तयार करतो आणि नोव्हेंबरातील एका रात्री त्यात जीव घालतो. देह डोळे उघडतो. त्याच क्षणी त्याची किळस येऊन व्हिक्टर खोलीतून पळून जातो. तो जीव एकटाच बाहेर पडतो. एका झोपडीशेजारी लपून, आतील माणसांचे बोलणे ऐकून तो भाषा शिकतो, वाचायला शिकतो. माणसे मात्र त्याला पाहताच मारायला धावतात. शेवटी तो सूडाला पेटतो आणि व्हिक्टरच्या धाकट्या भावाचा खून करतो. त्या खुनाचा आळ जस्टीन नावाच्या निरपराध मुलीवर येतो आणि तिला फाशी होते. खरी गोष्ट व्हिक्टरला ठाऊक असते, पण तो गप्प राहतो. मला विचाराल तर साऱ्या पुस्तकातील सर्वांत भयंकर जागा हीच आहे.

पुस्तक १ जानेवारी १८१८ रोजी लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. आपल्याकडे पेशवाई संपली ते हेच वर्ष. पुस्तकावर लेखिकेचे नाव नव्हते. आता वाचकांना काय वाटले, ते पाहू.

‘क्वार्टर्ली रिव्ह्यू’ या नियतकालिकाने त्याला किळसवाणा मूर्खपणा ठरविले. उलट प्रसिद्ध कादंबरीकार वॉल्टर स्कॉट यांनी त्याची वाखाणणी केली. फक्त ते मेरीच्या पतीने, कवी शेलीने, लिहिले असावे असा त्यांचा समज झाला. १८२३ साली त्यावर नाटक आले. त्याच्या नावातच ‘उद्धटपणा’ हा शब्द होता. म्हणजे माणसाने देवाच्या कामात ढवळाढवळ केली हाच गुन्हा, असे नाटककाराने ठरवून टाकले. पुस्तकात फार सुंदर बोलणारा राक्षस त्याने रंगभूमीवर मुका केला. दुसरी बाजू ऐकायचीच नसली की हे सोयीचे पडते.

१८२४ साली तर याहून विलक्षण प्रकार झाला. वेस्ट इंडीजमधील गुलामांना मुक्त करावे की नाही यावर ब्रिटिश पार्लमेंटात चर्चा चालू होती. जॉर्ज कॅनिंग या मंत्र्याने या कादंबरीचा दाखला दिला आणि गुलामांना एकदम मोकळे करणे म्हणजे असाच अनावर जीव उभा करणे होय, असे सुचविले. पाहा, भयकथेतून माणूस आपल्याला हवा तोच अर्थ कसा काढतो!

विसाव्या शतकात आयझॅक असिमॉव्ह हा विज्ञानकथाकार या भीतीला कंटाळला. यंत्रमानव आला की तो मालकावर उलटणारच, या समजुतीला त्याने ‘फ्रँकेन्स्टाइन गंड’ असे नाव दिले. सुरीला मूठ असते, जिन्याला कठडा असतो, मग यंत्रमानव बनविणारे त्यात सुरक्षिततेची सोय का करणार नाहीत, असा त्याचा सवाल होता. १९९२ साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’ला आलेल्या वाचकाच्या एका पत्रात जनुकबदल केलेल्या अन्नासाठी ‘फ्रँकनफूड’ असा शब्द वापरला गेला आणि तो जगभर पसरला. आपल्या मराठीत अशा वेळी ‘भस्मासुर’ म्हणतात. पण हे दोघे एक नव्हेत. भस्मासुराची वासना वर मागतानाच वाईट होती. व्हिक्टरने निर्माण केलेला जीव मुळात दुष्ट नव्हता. तो टाकून दिलेला होता.

म्हणजे मुख्य मते दोन. एक मत म्हणते, ही वस्तू बनवायलाच नको होती. दुसरे म्हणते, बनविण्यात पाप नव्हते, बनवून पळून जाण्यात होते. कोणते बरोबर? याचा निकाल पुस्तक पुन्हा पुन्हा वाचून लागेलच असे नाही. घडलेल्या एखाद्या गोष्टीवर मते घासून पाहावी लागतात. अशी एक गोष्ट पुणे जिल्ह्यातच आहे. ती पाहायला बारामती तालुक्यातील माळेगाव बुद्रुकच्या शिवारात चला.

येथे साखर कारखाना आहे, दूरवर उसाचे फड आहेत आणि हे सर्व उभे आहे ते नीरेच्या डाव्या कालव्याच्या पाण्यावर. १८७६ ते १८७८ च्या भयंकर दुष्काळानंतर या भागासाठी कालवा काढण्यात आला आणि १८८५ च्या सुमारास त्यातून पाणी वाहू लागले. पुढे बाजरी-ज्वारीच्या या मुलखात ऊस आला, गूळ आला, पैसा आला. त्या काळचे हे मोठेच तंत्रज्ञान होते. पण काही वर्षांत सखल शेतांतून पिके खुरटू लागली, मातीवर पांढरी पूड दिसू लागली. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी ताम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातील या खारवट जमिनींचा अभ्यास करून १९१० साली तो प्रसिद्ध केला. कालवा सुरू झाल्याला तेव्हा पुरती पंचवीस वर्षेच झाली होती.

असे का झाले? हिशेब करून पाहा. उसाच्या एका पिकाला पाटाने मिळून दोन मीटर खोलीइतके पाणी दिले असे धरू. एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. तेव्हा पाणी झाले २०,००० घनमीटर, म्हणजेच दोन कोटी लिटर. पाणी गोडे असले तरी त्यात थोडे क्षार विरघळलेले असतात. लिटरला ०.३ ग्रॅम धरा. गुणाकार केल्यावर उत्तर येते ६,००० किलोग्रॅम. एका हेक्टरात, एका पिकाला, सहा टन क्षार! ऊस पाणी पितो, ऊन पाणी उडवते. क्षार बहुतेक सगळे मागे राहतात. पाण्याचा निचरा चांगला असेल तर ते खाली धुऊन जातात. निचरा नसेल तर?

येथील काळी माती पाणी लवकर सोडत नाही आणि तिच्याखाली मुरूम व कातळ आहे. कालव्यातून पाझरलेले आणि शेतात जास्त झालेले पाणी खाली साठत जाते व भूजलाची पातळी दर वर्षी वर चढते. ती जमिनीपासून एक-दीड मीटरवर आली की मातीच्या बारीक छिद्रांतून पाणी आपोआप वर ओढले जाते. दिव्याच्या वातीत तेल चढते तसेच हे. यालाच केशाकर्षण म्हणतात. पृष्ठभागाशी आले की पाण्याची वाफ होते, पण क्षारांची होत नाही. मातीतले मूळचे क्षारही असेच वर येतात. मुळांभोवतीचे पाणी फार खारट झाले की परासरणाच्या नियमाने मुळांना ते शोषता येत नाही आणि ओल्या जमिनीत पीक तहानेने वाळते. सोडियम फार वाढले तर मातीचे कण फुगतात, छिद्रे बुजतात, जमीन चोपण होते.

आता आपली दोन मते येथे लावून पाहा. कालवाच नको होता, असे माळेगावात कोणाला म्हणून पाहा! दुष्काळात काय होत असे, ते येथील घराघराला ठाऊक आहे. चूक कालव्यात नव्हती. पाणी आणण्याची व्यवस्था झाली, पण जास्तीचे पाणी बाहेर काढणारे चर त्याबरोबर खोदले गेले नाहीत. व्हिक्टरने जीव दिला आणि दार ओढून घेतले, तसेच हे. म्हणून दुसरे मत मला अधिक पटते.

पण कादंबरी येथे थोडी अपुरीही पडते. तिच्यात राक्षस एका रात्रीत डोळे उघडतो आणि अपराधी एकच असतो. शेतातला राक्षस पंधरा-वीस वर्षे बोटबोट वर चढतो. कालव्याचा इंजिनिअर, ऊस लावणारा शेतकरी, गूळ-साखर घेणारे तुम्ही-आम्ही, प्रत्येक जण आपापल्या जागी शहाणपणाचेच वागतो, आणि तरीही जमीन जाते. जाते तीही बहुधा वरच्या अंगाला पाणी पाजणाऱ्याची नव्हे. खाली, ओढ्याकाठी ज्याचे शेत आहे त्याची. जस्टीनची आठवण झाली ना?

पळून न जाणारे लोकही या कथेत आहेत. १९१६ साली मुंबई इलाख्याने पाटबंधाऱ्यांच्या अभ्यासासाठी एक खास विभाग काढला. आज खडकवासल्याला असलेली केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था त्यातूनच वाढली. २००९ साली तर शेजारच्या माळेगाव खुर्दलाच एक राष्ट्रीय संशोधन संस्था स्थापन झाली. दुष्काळ, उष्णता, क्षार अशा निर्जीव कारणांनी पिकांवर येणारा ताण हाच तिचा विषय आहे. उतार पाहून चर काढणे, जमिनीखाली छिद्रांचे नळ घालून निचरा करणे, ठिबकने मोजून पाणी देणे, चोपण जमिनीत जिप्सम मिसळणे हे उपाय आता माहीत आहेत. खर्च आणि शेजाऱ्यांचा मेळ ही खरी अडचण. चर एकाच शेतात संपून चालत नाही, पाणी पुढे कोणाच्या तरी बांधावरूनच जायचे असते.

घरी एक प्रयोग करा. बुडाला भोके असलेल्या दोन सारख्या कुंड्या घ्या आणि दोन्हींत एकाच शेतातील माती भरा. लिटरभर पाण्यात दोन चमचे मीठ विरघळवा. पहिली कुंडी हे पाणी भरलेल्या ताटलीत ठेवा आणि ताटलीतील पाणी कमी होईल तसे त्याच मिठाच्या पाण्याने भरत राहा. वरून काही घालू नका. दुसरी कुंडी दोन विटांवर उंच ठेवा, खाली काही ठेवू नका आणि रोज वरून साधे पाणी घाला. दोन्ही उन्हात असू द्या. दोन आठवडे रोज तारीख घालून वहीत नोंद करा. कोणत्या कुंडीच्या मातीवर पांढरा थर येतो आणि कितव्या दिवशी, ते लिहा. मग त्याच कुंडीत हरभऱ्याचे चार दाणे पेरून पाहा.