जुन्या जीपची वीज : आधी मोजमाप, मग खरेदी

आठवडी बाजारावर ज्यांची रोजी अवलंबून आहे, त्यांच्यासाठी पहाटेची वेळ सर्वात मोलाची असते. ढाणकीहून उमरखेड, महागाव, पुसद किंवा पैनगंगेपलीकडे हिमायतनगर, हदगावच्या बाजाराला कापडाचे गठ्ठे घेऊन निघायचे, तर मोक्याची जागा आणि सकाळचे गिऱ्हाईक वेळेवर पोहोचणाऱ्यालाच मिळते. अशा वेळी किल्ली फिरवली आणि जीपमधून नुसता 'टक्' आवाज आला, तर त्या दिवसाचा बाजार गेला असे समजावे.

यानंतर जे घडते ते सर्वांच्या परिचयाचे आहे. कोणी म्हणतो बॅटरी गेली, म्हणून नवी बॅटरी येते. आठ दिवसांनी तीही उतरते. मग डायनामो भरून घेतला जातो, त्यानंतर सेल्फ खोलला जातो. तीन ठिकाणी पैसे जातात आणि दोष जागेवरच राहतो. कारण बहुतेक वेळा दोष महाग वस्तूत नसतो. तो गंजलेल्या टर्मिनलमध्ये, सैल नटमध्ये किंवा तुटक्या अर्थच्या पट्टीत असतो. तो कसा शोधावा, हे व्यापारी आणि कारागीर बांधवांनी समजून घ्यावे, यासाठी हा लेख.

आपली जीप

आपल्या भागात जीप म्हणजे महिंद्रा. या कंपनीची स्थापना १९४५ साली 'महिंद्रा अँड मोहम्मद' या नावाने झाली. भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले व तेथील पहिले अर्थमंत्री झाले. १९४८ साली कंपनीचे नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाले. मुंबईत विलीज जीप जोडण्यापासून सुरू झालेले हे काम पुढे सीजे-३बी, एमएम-५४०, कमांडर, मार्शल, मेजर अशा मॉडेलपर्यंत आले. या गाड्यांचे उत्पादन आता बंद आहे, तरी खेड्यापाड्यांत त्या अजून माल ओढत आहेत. त्यांच्यात संगणक नाही. त्यामुळे एक साधे मीटर आणि थोडा धीर असेल, तर यातील जवळजवळ प्रत्येक दोष हाताने शोधता येतो.

विजेचा जमाखर्च

दुकानाचा हिशेब ज्याला कळतो, त्याला जीपची वीजही कळेल. बॅटरी म्हणजे गल्ल्यातील शिल्लक. डायनामो किंवा अल्टरनेटर म्हणजे रोजची आवक. सेल्फ, दिवे, हॉर्न, हिटर प्लग हा खर्च. वायरी आणि अर्थ म्हणजे पैसा ज्या हातांतून जातो ते हात. गल्ला रिकामा दिसला, तर शहाणा दुकानदार आधी वही पाहतो: आवक थांबली आहे का, खर्च वाढला आहे का, की मधल्या हातात गळती आहे? जीपलाही हेच तीन प्रश्न विचारायचे आहेत.

साहित्य थोडेच लागते: व्होल्ट दाखवणारे मीटर, बॅटरीच्या पाण्यासाठी हायड्रोमीटर, इंडिकेटरचा बल्ब दोन वायरी जोडून केलेला टेस्ट लॅम्प, काचपेपर आणि पाने. कामाला हात घालण्यापूर्वी बॅटरीची अर्थची, म्हणजे निगेटिव्ह वायर प्रथम काढावी आणि काम झाल्यावर ती सर्वात शेवटी लावावी. बॅटरीतून निघणारा वायू पेट घेणारा असतो, म्हणून जवळ बिडी-काडी नको.

पहिली पायरी : शिल्लक किती?

गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर सकाळी बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलवर मीटर लावावे. १२.६ व्होल्ट दाखवले तर बॅटरी भरलेली आहे. १२.४ म्हणजे साधारण पाऊण भरलेली. १२ च्या आसपास असेल, तर ती जवळजवळ उतरली आहे. पाणी भरायच्या बॅटरीत हायड्रोमीटर घालून प्रत्येक खाना तपासावा. भरलेल्या बॅटरीत आकडा १२५० ते १२६५ च्या घरात येतो. पाच खाने ठीक आणि एकच फार खाली असेल, तर तो खाना मेला आहे आणि तेव्हाच नव्या बॅटरीचा विचार करावा. सर्व खाने सारखेच खाली असतील, तर बॅटरी केवळ भुकेली आहे. तिला चार्जिंगला लावावे आणि आवक तपासावी. पाणी कमी झाल्यास फक्त डिस्टिल वॉटर घालावे, नळाचे किंवा विहिरीचे पाणी घालू नये.

दुसरी पायरी : ढिगाच्या आत हात घाला

मदिनेच्या बाजारात प्रेषित मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या ढिगात हात घातला, तेव्हा आतले धान्य ओले निघाले, ही घटना आपणा सर्वांना ठाऊक आहे. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. तेव्हा ओला माल लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाहीस, अशी त्याला विचारणा झाली. बॅटरीचेही असेच असते. वरून १२.६ व्होल्ट दाखवणारी बॅटरी आतून पोकळ असू शकते. खरी परीक्षा ओझे टाकल्यावर होते.

मीटर बॅटरीवरच ठेवून दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगावे. सेल्फ फिरत असताना आकडा ९.६ च्या वर राहिला तर बॅटरी ओझे पेलते. भरलेली बॅटरी असूनही तो ८ किंवा ७ वर कोसळला, तर बॅटरी थकली आहे किंवा सेल्फ आत अडकून जास्त करंट ओढत आहे.

हेडलाईट लावून किल्ली फिरवल्यासही बरेच कळते. दिवे एकदम मंदावले, तर दोष बॅटरीत, टर्मिनलमध्ये किंवा अडकलेल्या सेल्फमध्ये. दिवे तसेच लख्ख राहिले आणि सेल्फ गप्प राहिला, तर सेल्फपर्यंत करंट पोहोचतच नाही. अशा वेळी किल्लीचा स्विच, सोलेनॉइड व त्याची बारीक वायर पाहावी. थंडीत सेल्फ जोरात फिरूनही इंजिन लागत नसेल आणि इंजिनाला हिटर प्लग असतील, तर प्लगची जोडपट्टी सोडून प्रत्येक प्लगवर टेस्ट लॅम्प लावावा. लॅम्पची दुसरी वायर बॅटरीच्या पॉझिटिव्हला धरावी. लॅम्प पेटला नाही तर तो प्लग जळाला आहे.

तिसरी पायरी : अर्थ

जुन्या जीपमध्ये सर्वात जास्त फसवणारा दोष हाच. करंट बॅटरीतून जातो, तसा त्याला परतही यावे लागते आणि परतीचा रस्ता म्हणजे चेसिस. परंतु इंजिन रबराच्या माऊंटिंगवर बसलेले असते व रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिन आणि चेसिस यांना जोडणारी तांब्याची विणलेली पट्टी असते. काळ्या मातीचा चिखल, पावसाळा आणि वर्षानुवर्षांचा गंज यांनी ती कुजते. कधी इंजिन उतरवल्यावर ती परत लावायचीच राहते. डेंटिंग-पेंटिंगनंतर अर्थच्या जागी रंग बसतो आणि गाडी चकचकीत होऊनही दिवे मंद पडतात.

हिशेब पाहा. सेल्फ सहज २०० अँपिअर ओढतो. वाटेत केवळ ०.०१ ओहमचा अडथळा असला, तरी २०० गुणिले ०.०१ म्हणजे २ व्होल्ट तिथेच जळतात. जर्मन शास्त्रज्ञ ओहम यांनी १८२७ साली मांडलेला नियम तो हाच. एवढा अडथळा डोळ्यांना दिसत नाही, मीटरला दिसतो.

मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर आणि दुसरी इंजिनाच्या स्वच्छ धातूवर धरून सेल्फ मारावा. ०.२ व्होल्टच्या आसपास आकडा आला तर अर्थ चांगला. अर्धा व्होल्ट किंवा जास्त आला, तर पट्टी व टर्मिनल काढून काचपेपरने चमकेपर्यंत घासावे, घट्ट आवळावे आणि वरून ग्रीस लावावे. याच रीतीने बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून सेल्फपर्यंतची जाड केबलही तपासावी. तिथे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त घट नसावी.

चौथी पायरी : आवक

इंजिन चालू करून थोडी रेस द्यावी व बॅटरीवर मीटर लावावे. १३.८ ते १४.४ व्होल्ट आले तर आवक ठीक. दिवे लावूनही आकडा १३ च्या खाली जाऊ नये. सेल्फशिवायही १२.५ च आला तर चार्जिंग बंद आहे. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडला आहे. अशाने बॅटरीचे पाणी उकळते आणि बल्ब वारंवार उडतात.

चार्जिंग बंद असेल तर लगेच अल्टरनेटर खोलू नये. आधी बेल्ट पाहावा. अंगठ्याने दाबल्यावर तो सुमारे अर्धा इंच दबला पाहिजे, जास्त दबला तर सैल आहे. मग मागच्या वायरी पाहाव्यात. त्यानंतर डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा. बऱ्याच अल्टरनेटरना सुरुवातीचा करंट या दिव्यातूनच मिळतो. तो छोटा बल्ब उडाला असेल, तर चांगला अल्टरनेटरही काम सुरू करत नाही. हे सर्व ठीक असेल तरच कार्बन, डायोड आणि रेग्युलेटर तपासण्यासाठी तो उतरवावा.

एक जुनी सवय मात्र सोडली पाहिजे. चालू गाडीत बॅटरीची वायर काढून चार्जिंग पाहण्याची रीत डायनामोच्या काळातली आहे. अल्टरनेटरच्या गाडीत असे केल्यास व्होल्ट एकदम उसळतात आणि डायोड जळू शकतात. तसेच दुसऱ्या गाडीवरून बॅटरी जोडताना ती १२ व्होल्टची आहे याची खात्री करावी. अनेक ट्रकमध्ये दोन बॅटऱ्या मिळून २४ व्होल्ट असतात.

जी जुनी डिझेल जीप ओढायच्या नॉबने बंद होते, ती एकदा सुरू झाली की विजेशिवायही चालत राहते. म्हणून चार्जिंग बंद पडल्याचे दिवसभर कळत नाही आणि बाजार उठल्यावर अंधारात दिवे जातात. महिन्यातून एकदा हे मोजमाप करावे.

पाचवी पायरी : रात्रीची गळती

आवक ठीक, बॅटरी ठीक, तरी दोन-तीन दिवस उभी राहिली की गाडी उतरते? मग कुठेतरी गळती आहे. सर्व स्विच बंद करावेत. निगेटिव्ह वायर काढून ती आणि बॅटरीचे टर्मिनल यांच्यामध्ये टेस्ट लॅम्प जोडावा. लॅम्प पेटला तर करंट वाहतो आहे. आता एकेक फ्यूज काढत जावे. ज्या फ्यूजला लॅम्प विझेल, दोष त्या लाईनवर. सर्व फ्यूज काढूनही पेटत राहिला, तर अल्टरनेटरची वायर सोडून पाहावी. डायोड फुटलेला असू शकतो. नुसती १ अँपिअरची गळती दिवसाला २४ अँपिअर-तास खाते. ७५ अँपिअर-तासाची बॅटरी तीन दिवसांत रिकामी.

दिवे, फ्यूज आणि कापडाचे गठ्ठे

६० वॉटचे दोन हेडलाईट १२ व्होल्टवर १० अँपिअर ओढतात. हा सर्व करंट जुन्या स्विचमधून व बारीक वायरीतून गेला, तर वाटेत व्होल्ट पडतात. दहा टक्के व्होल्ट कमी झाले तर प्रकाश सुमारे तीस टक्क्यांनी घटतो. म्हणून नवे बल्ब घेण्यापूर्वी बल्बच्या होल्डरवर व्होल्ट मोजावेत आणि गरज असल्यास रिले बसवावा.

उडालेल्या फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळणे ही आपल्याकडची सर्वात घातक युक्ती आहे. फ्यूज जळतो तो वायर वाचावी म्हणून. तार जळत नाही, मग वायर जळते. मागे सुती आणि सिंथेटिक कापड भरलेले असताना याचा अर्थ काय होतो, हे कापडवाल्याला सांगायला नको. माल जाईल, आणि आत बसलेल्यांच्या जिवाचाही प्रश्न आहे. पत्र्याच्या कडेवरून जाणाऱ्या प्रत्येक वायरला रबर किंवा नळी असावी, जोड नुसता पिळून टेप मारलेला नसावा, आणि फ्यूज लिहिलेल्या अँपिअरचाच असावा.

कारागीर बांधवांसाठी

मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे तपासणी होऊन ५ वर्षांसाठी नूतनीकरण होते. तेव्हा दिवे, इंडिकेटर, हॉर्न, वायपर सर्व चालू लागते. म्हणजे जुनी जीप नीट जाणणाऱ्या इलेक्ट्रिशियनला काम कमी पडणार नाही.

परंतु कामाचे मोल कशाचे घ्यावे? दोष शोधणे ही विद्या आहे, तिचा मेहनताना उघडपणे सांगून घ्यावा. तो हक्काचा आहे. ग्राहकाला वाटते, 'नुसती पट्टी घासली, त्याचे पैसे कसले?' म्हणून कारागीर नवी बॅटरी गळ्यात मारून कमिशनमधून मजुरी काढतो. यात दोघांचीही चूक आहे. व्यापाऱ्याने तपासणीचे पैसे आनंदाने द्यावेत, कारण तिने त्याची बॅटरी वाचवली. कारागिराने मीटरचा आकडा ग्राहकाला दाखवावा, वहीत लिहावा आणि बदललेला भाग परत हातात द्यावा. मापात कमी देणाऱ्यांना दिव्य कुरआनने दिलेला इशारा केवळ तराजू धरणाऱ्यांपुरता समजू नये. ज्याच्या हाती मीटर आहे, त्याच्याही हाती मापच आहे.

अल्लाह आपल्या सर्वांच्या रोजीत बरकत देवो आणि प्रवासात सुखरूप ठेवो. आमीन.