टेबललँडवरून टेबल माउंटनला

प्रश्न : गुडघ्यांमुळे आता टेबललँड चढवत नाही. मुलाने लॅपटॉप घेऊन दिलाय. त्यावर घरबसल्या जग बघता येतं म्हणे, ते कसं? – एक आजी, पाचगणी

उत्तर : आजी, ब्राउझरमध्ये गूगल अर्थ उघडा, पैसे पडत नाहीत. लगेच पॅरिस-लंडनला मात्र पळू नका, आधी पाचगणीच शोधा. थ्रीडी चालू करा, शिफ्टचं बटण दाबून धरा आणि माउस ओढा. नकाशा कलतो आणि जांभ्या दगडाचं सपाट पठार, त्याचे तुटलेले कडे, खाली कृष्णेचं खोरं, धोमचं पाणी आणि पलीकडे कमळगड असं सगळं उभं राहतं. पाणी आटलेलं दिसलं तर घाबरू नका. ही चित्रं आजची नसतात, कधी काही वर्षं जुनीही असतात.

मग केपटाउनचा टेबल माउंटन गाठा. माथा तसाच सपाट, पण दगड वालुकाश्म. उंची सुमारे १०८५ मीटर. पाचगणी १३०० मीटरच्या आसपास, म्हणजे आपणच वरचढ! तरी तो थोराड वाटतो, कारण समुद्र त्याच्या पायथ्याशीच आहे.

इस्रोचं ‘भुवन’ हे असंच नकाशे दाखवणारं संकेतस्थळ २००९पासून आहे, पण नवख्याला जरा किचकट; ते सावकाश बघा. परदेशातल्या गल्लीत फिरायचं असेल तर गूगल अर्थमध्येच कोपऱ्यातला छोटा माणूस उचलून रस्त्यावर सोडा. निळ्या रेषा दिसतील तिथे तो उतरतो.